मनीची वाट

"आधी भिंत नाही वन्सं, आधी लाकूड," वहिनी म्हणाली आणि माझ्या हाताखालचा माउस तिनं अलगद डावीकडे सरकवला. "बालेकिल्ला मांडला की पहिली वखार. मग लाकूडतोड्याची झोपडी, मग धान्यकोठार. माणसांच्या पोटाला घातल्याशिवाय तुमच्या भिंती बांधायला येणार कोण?"

पडद्यावर हिरवीगार जमीन होती. मध्ये माझा एकुलता एक बालेकिल्ला आणि त्याच्यासमोर शेकोटीभोवती हात शेकत बसलेली चार रिकामटेकडी माणसं. बाहेर व्हरांड्यात आप्पा पळसाची पानं निवडत होते. परवा सकाळी संगमावर त्या पानांचा पुतळा करायचा होता, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा होता आणि माझा दादा म्हणून त्याला अग्नी द्यायचा होता. आणि माझी वहिनी, त्याच दादाची बायको, मला धान्यकोठार कुठं मांडावं ते शिकवत होती.

माझ्या जिभेवर चांगलं खरमरीत काहीतरी आलं होतं. ते मी गिळलं, कारण मी तिथं हेरगिरीला बसले होते.

दादा, म्हणजे दिगंबर, आमचा दिगू, घरातून गेला त्याला बारा वर्षं होत आली होती. तो इंजिनिअर. एका शाळेमागं डोंगर अडवायला बांधलेली भिंत त्याच्या देखरेखीखाली उभी राहिली होती. खालच्या बाजूला पत्र्याचं खोपट करून राहणाऱ्या दोन मजूर बायकांनी त्याला विचारलं होतं, "साहेब, हितं ऱ्हायलो तर चालंल न्हवं?" तो चालेल म्हणाला. त्याच रात्री भिंत कोसळून खाली आली आणि त्या दोघी गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे दादा घरातून गेला. घाटाच्या पायरीवर त्याच्या चपला सापडल्या, तो सापडला नाही. पुढं चौकशीत डोंगरच सरकला होता, बांधकामात खोट नव्हती असं निघालं. पण ते ऐकायला तो होता कुठं?

बारा वर्षं वाट बघायची आणि मग माणूस गेला असं धरून त्याचं सगळं करायचं, ही आमच्याकडची रीत. आप्पांनी ती पाळायची ठरवली. मी त्यासाठीच बडोद्याहून कराडला माहेरी आले होते. पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"शैलू, ती रोज दुपारी त्या कॉम्प्युटरवर कुणाबरोबर तरी असते."

"कुणाबरोबर म्हणजे?"

"मला काय कळतंय त्यातलं? किल्ले बांधतात दोघं. मी मागून गेले की चेहरा सारखा करते." आईनं पदराला हात पुसले. "आप्पांनी विधीचं काढलं तेव्हा एका शब्दानं नाही म्हणाली नाही. आराध्ये गुरुजी म्हणाले, मंगळसूत्र उतरवावं लागेल. तर म्हणाली, बरं. नुसतं बरं! तिला दुसरं घर करायचं असेल तर करू दे गं, मी आडवी नाही येणार. पण मला कळू दे तरी."

मनात शंकेची पाल चुकचुकायला मला तसंही फार काही लागत नाही. वैजयंती वहिनी आमच्याच पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची. सकाळी नि संध्याकाळी मुलं, दुपारी खोली रिकामी. माझा भाऊ परवा जळणार आणि ही बाई दुपारभर कुणाबरोबर तरी किल्ले बांधणार, या विचारानं माझं डोकं भणाणलं. मी तोंडावर साखर पेरली आणि तिला म्हटलं, "वहिनी, मलाही शिकव ना तो तुझा खेळ. डोक्यातले विचार तरी जातील."

 तिनं शेजारची खुर्ची ओढून दिली.

खेळ जुना होता. दादानंच लग्नाच्या वर्षी त्याची सीडी आणली होती आणि नव्या नवरीला मेंदी उतरायच्या आत राज्यकारभार शिकवला होता, हे मला ठाऊक होतं. मी तेव्हा सासरी होते, म्हणून माझं शिकायचं राहिलं. जगभरात आता तो खेळणारे थोडेच उरलेत, असं वहिनी म्हणाली. सगळे एकमेकांच्या ओळखीचे झालेत, नाव-गाव माहीत नसताना.

"हा आकडा बघा वर," ती म्हणाली. "ही लोकांची मर्जी. कोठारात धान्य असलं की ती वाढते, कर बसवला की उतरते. फार उतरली तर लोक जातात."

मला घाई झाली होती. मी कर बसवला, तोही सणसणीत. थोड्याच वेळात माझा लाकूडतोड्या कुऱ्हाड टाकून चालू लागला. त्याच्यामागून गहू पिकवणारा.

"अगं, हे मरायला लागले की!"

"मरत नाहीत हो वन्सं, नुसते निघून जातात." तिनं कर खाली आणला. "दोन्हीत फरक असतो. मर्जी सुधारली की पुन्हा शेकोटीपाशी येऊन बसतात. मात्र आपण हाक मारून उपयोग नसतो, त्यांचे ते आले तर येतात."

हे बोलताना तिचा आवाज अगदी सरळ होता, म्हणून मला त्यात काही वाटलं नाही. माझं सगळं लक्ष ती घड्याळाकडे किती वेळा बघते याकडे होतं. ती सारखी बघत होती.

मग दगडाची खाण झाली, दगड वाहायला बैल आले आणि एकदाची भिंत आली. मला कबूल केलंच पाहिजे, भिंत ओढायला मजा येत होती. माउस दाबून धरायचा नि हात फिरवत न्यायचा, मागोमाग दगड उभे राहतात. पुढं दरवाजा, कोपऱ्यांवर बुरूज. वळसा घालून मी मागच्या बाजूला आले आणि शेवटचा दगड न घालता हात उचलला.

"तिथं एक राहिला," वहिनी म्हणाली.

"राहिला नाही. तो असाच असू दे."

"अहो, शत्रू तिथूनच आत शिरेल. भिंतीत फट म्हणजे भिंत नसल्यातच जमा."

"शिरू दे. आमच्या किल्ल्याला अशीच असते."

मी वळून बघितलं. वहिनीच्या चेहऱ्यावरचं रक्त कुणी काढून घ्यावं तसं उतरलं होतं. टेबलाची कड तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

"ही फट," ती म्हणाली, "तुम्हाला कुणी शिकवली?"

"शिकवायचंय काय त्यात? मनीची वाट आहे ती."

"मनी कोण?"

"मांजर होतं आमचं. दिवाळीत आम्ही अंगणात मातीचा किल्ला करायचो ना, तर ते नेमकं तटावरून उडी मारायचं आणि ओला तट ढासळायचा. आप्पा म्हणाले, त्या मांजराला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येतो. दादा रडून रडून लाल झाला. मग त्यानंच युक्ती काढली. मागच्या तटाला एक फट ठेवली, वाटी जाईल एवढी. मनी तिथून आत यायची, मावळे पाडून बाहेर जायची, पण तट राहायचा. तेव्हापासून आमचा किल्ला मागून उघडाच. ती सवय हातात आहे माझ्या, दुसरं काय!"

वहिनी हसली की रडली ते मला कळलं नाही, दोन्हीच्या मधला काहीतरी आवाज निघाला.

"मी कितीदा विचारलं होतं यांना," ती म्हणाली. "हा खेळ शिकवताना मागं एक फट ठेवायचे. म्हटलं, अहो, इंजिनिअर ना तुम्ही? तर नुसते हसायचे."

"मग यात एवढं—" मी बोलता बोलता थांबले. तिची नजर पुन्हा घड्याळाकडे गेली होती. "वहिनी, तू रोज कुणाबरोबर खेळतेस?"

तिनं उठून खोलीचं दार लोटलं. मग माझ्यासमोर बसली आणि गुडघ्यावर हात ठेवून सांगायला लागली.

"घरात इंटरनेट आलं तेव्हा मी सहज या खेळात शिरले. एकदा वाटलं, माणूस नाव बदलेल, गाव बदलेल, पण हा खेळ नाही टाकणार. मग मी लोकांच्या भिंती बघायला लागले. कुणाहीबरोबर डाव मांडायचा आणि त्याच्या किल्ल्याला मागून वळसा घालून यायचं. किती जणांच्या भिंती बघितल्या असतील! सगळ्यांच्या पक्क्या. आणि एक दिवस एक भेटला. नाव काही नाही, नुसतं पाहुणा. मागच्या भिंतीत एक दगड नव्हता."



"तेव्हापासून रोज चारला येतो. आम्ही एकाच बाजूनं खेळतो. मला दगड कमी पडला की मी मागायच्या आत पाठवतो. बोलत नाही."

"तू विचारलं नाहीस? कोण आहात, कुठं आहात?"

"विचारलं आणि उठून गेला तर?" तिनं माझ्याकडे बघितलं. "एकदा चुकून हातून गेलं. जेवायची वेळ टळली होती, मी लिहिलं, जेवलात का? मराठीत. तो तिथल्या तिथं खेळ सोडून गेला. महिनाभर आला नाही, वन्सं. मला वाटलं, मी परत घालवलं यांना. मग एक दिवस आला, आणि आल्या आल्या एकच शब्द लिहिला. हो."

 मी या बाईला पकडायला बसले होते.

"अगं, पण मग परवाचा विधी? तू बरं म्हणालीस!" माझा आवाज चढला. "आप्पांना सांगायचं नाहीस?"

"काय सांगू? एका किल्ल्याला फट आहे, म्हणून तुमचा मुलगा जिवंत आहे? जगात वेंधळे लोक थोडे असतात का? एखादा दुसराच मराठी माणूस असेल, एकटा असेल, जेवला असेल. मलाच खात्री नव्हती. आई आशेला लागल्या असत्या आणि तो भलताच निघाला असता तर?" तिनं माझ्या उघड्या भिंतीकडे बोट केलं. "आत्ता तुम्ही हे करेपर्यंत नव्हती."

तेवढ्यात कॉम्प्युटरमधून बारीक घंटी वाजली. पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ उमटली. पाहुणा आला होता.

वहिनीनं नवा डाव मांडला. आम्ही दोघी श्वास रोखून त्याचा किल्ला उभा राहताना बघत होतो. आधी वखार, मग लाकूडतोड्या, मग कोठार, सगळं ती सांगत होती त्याच क्रमानं. भिंत फिरत फिरत मागं आली. एक दगड सोडून थांबली. आपल्या डोळ्यांदेखत कुणीतरी अदृश्य हातानं अंगणातली ती माती थापतंय असं मला वाटलं.

"सरक," मी वहिनीला म्हटलं.

"काय लिहिताय? वन्सं, नको—"

मी लिहिलंच. इंग्रजी अक्षरांत, एका बोटानं एकेक अक्षर शोधत. मनी आत आली का?

पडद्यावर त्याची माणसं जागच्या जागी थांबली. लाकूडतोडे थांबले नव्हते खरं तर, ते आपले येत-जात होते, पण नवं काही उभं राहीना. वहिनीनं माझा दंड धरला होता आणि तिची नखं रुतत होती. बाहेर आप्पा पानं झटकल्याचा आवाज येत होता. आणि मग ती ओळ आली.

मनी बोका होता.

मी खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. वहिनी "काय? म्हणजे काय?" करत होती आणि मला सांगता येईना. मनी बोका होता! वर्षभर आम्ही त्याला पिल्लं कधी होणार म्हणून खोकं सजवून ठेवलं होतं आणि शेवटी दूधवाल्यानं शेपूट उचलून आमची फजिती केली होती. हे मला ठाऊक होतं आणि दादाला. लाजेनं आम्ही घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं.

"तोच आहे," मी कशीबशी म्हणाले. "वहिनी, दादा आहे."

शैलू? पडद्यावर आलं.

मग माझी बोटं माझ्या ताब्यात राहिली नाहीत. कुठं आहेस, कसा आहेस, लाज वाटत नाही का, आई किती वाळलीय, चौकशीत तुझा दोष निघाला नाही, डोंगर सरकला होता, तुला कुणी काही म्हणत नाही, सगळं एकात एक. आणि शेवटी लिहिलं, परवा आप्पा तुझा पुतळा जाळणार आहेत. जिवंतपणी. आजच्या आज ये.



डोंगराचं मी वाचलं होतं, त्यानं लिहिलं. पण त्या बायकांना चालेल मी म्हणालो होतो, डोंगर नाही.

आणि मग, जाळू दे. दिगू तेव्हाच गेला. त्याला या घरात परत आणू नका.

पाहुणा खेळ सोडून गेला.

वहिनी त्या ओळीकडे बघत होती. "बघितलंत?" ती अगदी हळू म्हणाली. "विचारलं आणि गेला." तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

मी दार उघडून व्हरांड्यात आले. आप्पा चटईवर मांडी घालून बसले होते आणि आई त्यांना पानं पुसून देत होती. संस्कृतचे मास्तर असल्यानं त्यांना सगळं नीटनेटकं लागायचं. पुतळ्याच्या हातापायांसाठी पानांच्या जुड्या त्यांनी एका मापाच्या करून ठेवल्या होत्या. गुरुजी करतील ना, असं मी सकाळी म्हटल्यावर, माझ्या मुलाचा हात मी बांधीन, असं म्हणाले होते.

"आप्पा, ते ठेवा खाली," मी म्हटलं. "दादा जिवंत आहे."

आईच्या हातातलं पान गळून पडलं. मी सगळं सांगितलं. भिंत, फट, बोका, सगळं. वहिनी माझ्यामागं दाराला टेकून उभी होती आणि आप्पांनी एकदा तिच्याकडे बघितलं तेव्हा तिनं नुसती मान हलवली. आई दोन्ही हात तोंडावर दाबून हुंदके देत होती. आप्पांचा हात मात्र पानावर तसाच थांबला होता.

"काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"म्हणाला, जाळू दे. दिगू तेव्हाच गेला, त्याला परत आणू नका."

आप्पांनी सुतळीचं टोक दातात धरलं आणि पुढची जुडी बांधायला घेतली.

मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. "आप्पा! मी सांगतेय काय? तुमचा मुलगा जिवंत आहे!"

"ऐकलं."

"मग हे काय करताय?"

"त्याचं म्हणणं ऐकतोय," आप्पा म्हणाले. सुतळीची गाठ त्यांना बसत नव्हती. "बारा वर्षांनी काहीतरी मागितलंय त्यानं."

 हा माणूस वेडा झाला, असंच मला वाटलं. आई तर त्यांच्या अंगावर धावलीच. हातातली जुडी ओढायला लागली. "जिवंत पोराला अग्नी देता? कसले बाप तुम्ही?"

आप्पांनी तिचे हात धरले.

"बस. अगं, बस आधी. संन्यास घेणारा स्वतःच्या हातानं स्वतःचं श्राद्ध घालतो, ते जिवंतपणीच ना? जुना माणूस संपवल्याशिवाय नवा होता येत नाही, म्हणून." मग ते माझ्याकडे वळले. "विधी झालेला माणूस परत आला तर शास्त्रात काय सांगितलंय, ठाऊक आहे? मी गुरुजींना मुद्दाम विचारून ठेवलं होतं. आशा कुणाला सुटलीय? त्याला जुन्या नावानं घरात घेत नाहीत. तो नुकता जन्माला आला असं धरतात. त्याला न्हाऊ घालतात, त्याचं बारसं करतात, नवं नाव ठेवतात. मुंज, सगळं पुन्हा. लग्नसुद्धा."

"कुणाशी?" वहिनीनं विचारलं.

"त्याच बायकोशी," आप्पा म्हणाले. "परवा मंगळसूत्र उतरवायचं नाही, वैजयंती. गुरुजींना मी बघून घेईन. ते पुन्हा लागणार आहे."

आई खाली बसली. बराच वेळ ती पळसाच्या ढिगाकडे बघत होती. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि पडलेलं पान उचलून आप्पांच्या हातात दिलं.

"नीट बांधा," ती म्हणाली. "अर्धवट नको राहायला."

संगमावर विधी झाला. माझा मुलगा गेला असं आप्पा मंत्रातून म्हणत होते तेव्हा त्यांचा आवाज एकदाही अडखळला नाही. गुरुजींनी नारळ ठेवला, आप्पांनी पेटवलं आणि वाळलेली पानं भराभर धरली. तो दिगू माझ्याही डोळ्यांसमोर होता, भिंत उभी राहिल्यावर पेढे घेऊन आलेला, छाती काढून चालणारा. मी तोंडात पदर कोंबून रडले. पुतळ्यासाठी कुणी इतकं रडतं का, असं वाटून गुरुजींनी दोनदा माझ्याकडे बघितलं.

घरी येऊन आंघोळी झाल्या आणि दुपारी आम्ही चौघं पुढच्या खोलीत बसलो. आईसाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. चार वाजून गेले. वहिनीनं एकटीनंच डाव मांडला होता, वखारीच्या पुढं काही बांधलं नव्हतं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. तो येणार नाही असं मी धरून चालले होते आणि सगळ्यांना हे बघायला लावणारी मीच म्हणून माझा जीव नुसता कासावीस होत होता.

घंटी वाजली. आई दचकून माझ्या अंगावर पडली.

झालं, वहिनीनं लिहिलं.

आप्पा रडले? त्यानं विचारलं.

"लिही, नाही म्हणावं," आप्पा म्हणाले, आणि उपरण्यात तोंड लपवून ढसाढसा रडायला लागले. वहिनीनं लिहिलं, नाही.

 पलीकडून आलं, मग आता मी कोण?

आम्ही तिघी आप्पांकडे वळलो. पण त्यांना बोलता येत नव्हतं. बोलली ती आई, आणि तेही आपलं रोजचं काहीतरी सांगावं तशी.

"बारशाला नाव आत्या ठेवते. याची आत्या आता नाही. बहिणीनं ठेवलं तर चालतं का हो?"

आप्पांनी मान हलवली. चालतं.

वहिनी उठली आणि मी तिच्या जागी बसले. मी पडद्यापाशी वाकले, पाळण्यापाशी वाकतात तशी, आणि लिहिलं, कुर्रर्र.

खाली लिहिलं, मनोहर.

पलीकडून प्रश्न आला. घरात काय म्हणणार?

मन्या, मी लिहिलं. बोका ना तो!

पाहुणा खेळ सोडून गेला.

वहिनी भिंतीला टेकली.  मी चुकीचं नाव ठेवलं, थट्टा करायची ही वेळ नव्हती, असं काय काय माझ्या डोक्यातून गेलं. आप्पा उठले, डोळे पुसत माजघरातून स्वयंपाकघरात गेले. मागच्या दाराचा अडसर काढल्याचा आवाज आला. ज्यांनी एकेकाळी त्या मांजराला पोत्यात घालायचं म्हटलं होतं, ते आप्पा परत येऊन म्हणाले, "ते दार आता लावायचं नाही."

तो हुबळीला होता, एका लाकडाच्या वखारीत कामाला, हे नंतर कळलं. मी बडोद्याला परतायचं पुढं ढकललं. तो आला त्या दिवशी पुढचं दार सताड उघडं होतं, क्लासची मुलं ये-जा करत होती. हा परसातून वळसा घालून मागच्या दाराशी येऊन उभा राहिला, चपला हातात घेऊन. केस सगळे पिकलेले. आई हातातली परात घेऊन तशीच उभी राहिली. नव्या नावानं हाक मारायला मी तोंड उघडलं.

वहिनी ओट्यापाशी होती. तिनं गॅस बारीक केला, मंगळसूत्र पदराबाहेर काढून सरळ केलं आणि दाराशी गेली.

"जेवलात का?" तिनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला.